कैलास दत्तू जाधव हाजिर है?

जाहीर प्रकटन!

तमाम वकील, पक्षकार, साक्षीदार, जामीनदार, तारीख विसरून उशिरा आलेले आणि तारीख नसताना नुसतेच आलेले, तसेच कोर्टाच्या जिन्याखाली चहा फुंकत उभे असलेले, अशा सर्वांना कळवण्यात येतं की छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कोर्टाच्या पहिल्या मजल्यावरचा आवाज कायमचा बंद झाला आहे. याबद्दल कुणाची हरकत असेल तर ती मुदतीत नोंदवावी. मुदत संपलेली आहे.

तो आवाज म्हणजे प्रस्तुत लेखक. पदानं शिपाई, कामानं पुकारा करणारा. न्यायाधीश आत बसतात, मी दारात उभा राहतो. आतून बेंच क्लार्क पुटपुटल्यासारखं एक नाव सांगतो आणि मी ते नाव दारातून असं सोडतो की ते व्हरांड्यातून, जिन्यावरून, पार्किंगमधून थेट चहाच्या टपरीपर्यंत जातं आणि ज्याचं असेल त्याची कॉलर धरून त्याला वर घेऊन येतं. तरुणपणी मी हौशी नाटकात कामं करायचो. आवाज मोठा म्हणून प्रत्येक नाटकात माझ्या हाती भाला देऊन मला दारात उभं करायचे. सरकारनंही माझ्यातला हाच गुण ओळखला आणि मला कायमचं दारात उभं केलं. फरक एवढाच की नाटकात मी नसतो तरी राजा आत आला असता. कोर्टात माझ्या तोंडून नाव निघाल्याशिवाय कुणाची आत यायची हिंमत नव्हती.

मग गेल्या वर्षी घशात काटा रुतल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून आतलं सगळं पाहिलं. म्हणाले, "आवाजाच्या पडद्यावर गाठी आहेत. साध्या आहेत, पण इथून पुढं मोठ्यानं बोलायचं नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझा धंदाच मोठ्यानं बोलायचा आहे."

"मग धंदा बदला."

साहेबांनी दया दाखवून मला कोर्टाच्या कागदांच्या प्रती मिळतात त्या नकला विभागात बसवलं. तिथं लोक खिडकीतून कागद सरकवतात, आपण कागद सरकवायचा. दिवसभरात एक वाक्य बोललं तरी जास्त होतं. वर आमच्या व्हरांड्यात आता पाटी लागली आहे. तिच्यावर लाल आकडे पळतात आणि लोक मान वर करून आपला आकडा शोधतात. चांगली सोय आहे. आकड्याचा घसा बसत नाही. पण कुणी जिन्यात बसून डोळे पुसत असेल, तर तिच्यापर्यंत आकडा जात नाही. नाव जायचं.

थोडक्यात, डॉक्टरांनी माझ्या घशाला संरक्षण आदेश दिला आहे. बोलायला बंदी. लिहायला बंदी नाही, ही त्यांची चूक. ती आता तुम्ही भोगा.

हे काम मला शिकवलं हमीदचाचांनी. शहागंजचे. मी नवीन लागलो तेव्हा ते रिटायर व्हायला आले होते. गालात पान, डोक्यावर टोपी आणि आवाज असा की निजामाचं राज्य अजून संपलेलं नाही असं वाटावं. माझा पहिला पुकारा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे मियाँ, ये पुकारा है के दवाखाने में मरीज को जगा रैं? नाम ऐसा लेना, के कबर में बी होंगा तो करवट बदल के बोलेंगा, हाजिर!"

पुकारे तीन करायचे. पहिला दारातून, दुसरा जिन्याच्या तोंडाशी, तिसरा व्हरांड्याच्या कठड्याला टेकून खाली तोंड करून. का तीन, हे मी चाचांना विचारलं.

"पैला कानाँ के वास्ते. दूसरा पावाँ के वास्ते."

"आणि तिसरा?"

चाचांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "तीसरा रिकॉर्ड के वास्ते. तीसरे पे कोई नै आता, मियाँ."

खरंच आहे ते. ज्याला यायचं तो पहिल्यालाच येतो. चहा टाकून धावणारा दुसऱ्याला पोचतो. तिसरा झाला की आत रोजनाम्यात 'पुकारा करूनही गैरहजर' असं लिहिलं जातं आणि त्या माणसाच्या पाठीमागं जे व्हायचं ते होतं.

गमती काय कमी झाल्या? एकदा 'बाळू पवार' असा पुकारा केला आणि बाकावरून चार जण एकदम उठले. बापाचं नाव कागदावर पुसट झालेलं. मी तिथल्या तिथं तोड काढली. म्हटलं, "ज्याचं बायकोशी भांडण आहे तो बाळू पवार आत या." चौघंही आत निघाले.

तर भांडणाकडं येतो. आमच्या कोर्टात घरातल्या मारहाणीची प्रकरणं फार. बाई अर्ज करते, संरक्षण अधिकारी घरी जाऊन चौकशी करतात आणि मॅजिस्ट्रेटना पटलं की आदेश निघतो. यानं तिच्या घरी जायचं नाही, वाटेत अडवायचं नाही, फोन करायचा नाही. मोडला तर तुरुंग. कागदावर त्याला संरक्षण आदेश म्हणतात, बाकावर बसलेले लोक 'बंदी' म्हणतात. बंदी मागायला लोक येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिळालेली बंदी उठवा म्हणायलाही लोक येतात, हे कोर्टाबाहेरच्यांना ठाऊक नसतं. आणि ते काम सोपं नाही. न्यायाधीश दोन गोष्टी विचारतात. परिस्थितीत काय बदल झाला? आणि हे तू तुझ्या मनानं बोलतेस, की तुझ्या मागं उभं राहून कुणी बोलवून घेतंय?

पहिल्या प्रश्नाचं मला आवडलेलं उत्तर एका हर्सूलच्या बाईनं दिलं होतं. आमच्या मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं, "आता मारत नाही कशावरून?"

"हात मोडलाय ना त्याचा. पलस्तर हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पलस्तर निघालं की या."

दुसरा प्रश्न विचारायच्या वेळी मात्र मॅडम सगळ्यांना बाहेर काढायच्या आणि दाराशी मला उभं करायच्या. सासरे, दीर, मामेसासरे, गावचे पुढारी, सगळी वरात बाहेर. एक सासू दाराला कान लावून खाली वाकली होती. म्हणाली, "चप्पल हुडकतेय." मी म्हटलं, "मावशी, दोन्ही पायात आहेत." अशा वेळी माझ्या हाती भाला नाही याचं फार वाईट वाटायचं.

आत त्या बाई काय बोलायच्या ते मी दाराशी उभा राहून ऐकायचो आणि तिथंच सोडून द्यायचो. एक मात्र सुटलं नाही. ते आता सांगतो.

गयाबाई दत्तू जाधव. मूळच्या सिल्लोडकडच्या. नवरा वाळूजच्या कंपनीत लागला म्हणून बजाजनगरला आल्या, दोन खोल्या बांधल्या, आणि नवरा त्या खोल्यांना रंग लागायच्या आत गेला. एकच मुलगा, कैलास. तोही कंपनीत कंत्राटावर लागला, कंत्राट सुटलं, दारू लागली. आईला मारायला लागला. एक दिवस कुकरचं झाकण असं फेकून मारलं की कपाळाला टाके पडले. शेजारणीनं रिक्षात घालून पोलीस ठाण्यात नेलं. पुढं रीतसर सगळं झालं आणि कैलासला बंदी झाली. आईनं लेकावर बंदी आणायची, असे अर्ज कमी येतात. त्यामुळं तो दिवस माझ्या लक्षात आहे. कैलास दाराशी खांदे पाडून उभा होता. उंच, सावळा, आईचेच डोळे. आदेश ऐकला आणि कुणाकडं न बघता जिना उतरून गेला.

गयाबाई बाहेर आल्या, कपाळावर पट्टी. मला म्हणाल्या, "भाऊ, मंग आता त्यो जेवंल कुठं?"

मी म्हटलं, "आजी, मी फक्त नावं पुकारतो. उत्तरं आत मिळतात."

"आत बी नाय मिळालं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मध्ये बरीच वर्षं गेली. मॅडम जाऊन दुसऱ्या मॅडम आल्या, बाकांना नवा रंग लागला, चाचा अल्लाला हाजिर झाले. आणि एक दिवस मी क्लार्कच्या तोंडून नाव ऐकलं, गयाबाई दत्तू जाधव, आणि दारातून सोडलं. बाकावरून एक अगदी बारकी झालेली म्हातारी उठली. कपाळावर टाक्यांची रेघ. सोबत सरकारी योजनेतून मोफत मिळालेल्या वकीलबाई. बंदी उठवावी असा अर्ज.

मॅडमनी नेहमीप्रमाणं विचारलं, "आजी, बदल काय झाला?"

"सुधारलाय त्यो."

"तुम्हाला कसं कळलं? तो भेटायला येतो का? येत असेल तर आदेशाचा भंग होतो."

गयाबाई घाबरल्या. "नाय नाय, साहेब! एकदाबी आला नाय. लोकं सांगत्यात. दारू सुटली, लगन केलं, पोरगी झाली. रांजणगावात ऱ्हातो. माझ्यापासून हाकेवर हाय."

मॅडमनी संरक्षण अधिकाऱ्यांना चौकशी करायला सांगितलं आणि कैलासला नोटीस काढली. मग तारखा सुरू झाल्या.

तारखेला लोक उशिरा येतात. गयाबाई कोर्ट झाडायच्या वेळेला हजर. माझ्या दाराशेजारच्या बाकाचं टोक त्यांचं ठरलेलं. हातात पिशवी, पिशवीत डबा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मेथीचं पिठलं. डबा लेकासाठी असायचा. लेक आला नाही की झाकण माझ्यासमोर उघडायचं. मीही 'नको नको' म्हणत शेवटचा तुकडा पुसून खायचो.

त्यांना माझं काम फारसं पसंत नव्हतं.

"तुझा आवाज लई मोठाय भाऊ, पण नाव सपाट घेतोस. सरकारी."

"सरकारीच आहे ते, आजी."

"कैलास म्हटल्यावर त्यो कधीच ओ देत नव्हता. मास्तर बोलवतोय असं वाटायचं त्याला. कैल्या म्हण. कैल्या म्हटलं की हिरीत पोहत असला तरी भायेर येणार."

"कोर्टात कैल्या म्हणता येत नाही."

"का? कोर्टाला माय नाय का?"

पहिल्या तारखेला नोटीस बजावून आलीच नव्हती, तरी रीत म्हणून मी पुकारा केला. "कैलास दत्तू जाधव हाजिर हैऽऽ?" आणि माझ्या कानाशी उत्तर आलं, "हाय! हाय!"

मी दचकून वळलो. गयाबाई हात वर करून उभ्या. व्हरांडा हसला. वकीलबाईंनी त्यांना खाली बसवलं. "अहो आजी, तुमचं नाव नाही ते. त्याच्या वतीनं तुम्ही ओ द्यायची नसते."

"सवय हाय ना," गयाबाई लाजून म्हणाल्या. "गावाकडं शाळा आमच्या परसाला लागून व्हती. मास्तर हजेरी घ्यायचा आन् हे अंथरुणात. मंग मीच परसातून ओ द्यायची, हाय मास्तर! मास्तरला बी ठाव होतं. मांडायचा हजेरी."

मी म्हटलं, "आमच्या मॅडम नाही मांडणार."

गप्पा मारता मारता एक दिवस त्यांनी मला शिव्यांचा हिशोब दिला. म्हणाल्या, "दिवाळीला गल्लीतल्या बाया इचारत्यात, गयाबाई, पोरगं आलं नाय का? मी म्हणते, कसं येईल माय, कोर्टाची बंदी हाय. न्हायतर त्यो काय ऱ्हातोय व्हय आल्याबिगर? मंग त्या बाया तुमच्या कोर्टाला लई शिव्या घालत्यात. मायलेकरं तोडली म्हणत्यात."

"घालू द्या," मी म्हटलं. "आम्हाला चालतं."

"मला बी बरं वाटतं," गयाबाई म्हणाल्या.

ते वाक्य मी तेव्हा चटणीबरोबर खाऊन टाकलं.

आता जरा माझ्या घरचं. मी सिडकोत राहतो. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. नातू आता शाळेत जातो, डब्यात काय हवं ते स्वतः सांगतो. बायको तिथंच आहे. आमच्यात भांडण नाही, तंटा नाही, कुठल्याही कोर्टाचा आदेश नाही. फोन येतो, "गॅस बंद केला का?" विचारते, मी हो म्हणतो. शेजारी विचारतात तेव्हा मी सांगतो, जावयांची शिफ्टची ड्यूटी आहे, लेकीची नोकरी आहे, मग पोराकडं कोण बघणार? शेजारी मान डोलावतात. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलो की मी सवयीनं तिला हाक मारतो. कोर्टातल्यासारखी नाही, घरातली, साधी. आणि एकदाच. तिसऱ्यापर्यंत जायचं नाही, हे चाचांनी शिकवलेलं आहे.

असो. अशा बऱ्याच तारखा गेल्यावर संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल आला. चांगला होता. दारू सुटली आहे, टेम्पो चालवतो, बायको-मुलीशी वागणं नीट, आजूबाजूची तक्रार नाही. नोटीसही त्याच्या हातात पडली होती. गयाबाईंनी वकीलबाईंकडून अहवालातलं 'वागणं नीट' एवढं पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, "अहवाल ठीक आहे. पण मला त्याला एकदा समोर बघायचं आहे. पुन्हा हात उचलणार नाही असं त्यानं माझ्यापुढं सांगावं. पुढच्या तारखेला येईल ना?"

"येतोच बघा," गयाबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊ, त्या दिवशी बंदी उठली, तर त्याच दिवशी घरी नेता येईल का? का कागदाला येळ लागंल?"

मी म्हटलं, "निकाल झाला की झाला. हाताला धरून न्या."

शेवटच्या तारखेला त्या नवीन लुगडं नेसून आल्या. घडीची रेघ अजून मोडलेली नव्हती. डब्यात धपाटे. अख्ख्या व्हरांड्याला वास. एक तरुण वकील नाक वर करून म्हणाला, "मामा, आज कुणाचा साखरपुडा?" मी म्हटलं, "आज कैलासराव येणार आहेत." ते धपाटे शेवटी मी घरी नेऊन खाल्ले, हे आत्ताच सांगून टाकतो. नंतर सांगायला जमणार नाही.

नाव निघालं. मी दारात उभा राहिलो, सदरा खाली ओढला.

"कैलास दत्तू जाधव हाजिर हैऽऽ?"

लोकांनी माना वळवल्या. गयाबाईंचे ओठ उघडले. वकीलबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. कुणी आलं नाही.

जिन्याच्या तोंडाशी गेलो. दुसरा पुकारा. जिन्यातून एक पोलीस आणि एक कुत्रं वर आलं. बस.

मग कठड्याशी गेलो. खाली कडुनिंब, गाड्यांची दाटी, टपरी. आणि एका छोट्या टेम्पोच्या दाराला हात लावून एक माणूस वर बघत उभा होता. मला ओळखायला क्षणही लागला नाही. तेच पडलेले खांदे, तेच आईचे डोळे. अंगानं भरला होता. दाढी केलेली, पांढरा शर्ट. तो आला होता. पहिला पुकारा त्यानं ऐकला असणार, दुसराही.

मी तिसरा केला. पूर्ण नाव, बापासकट. त्यानं ऐकलं. ऐकून नजर खाली केली, आपल्या चपलांकडं.

तिसरा झाला म्हणजे माझं काम संपलं. मी वळायचं, आत जायचं, 'गैरहजर' म्हणायचं. इतक्या वर्षांत मी चौथा पुकारा कधी केला नव्हता. चौथा असतच नाही. पण छातीत हवा उरली होती आणि ती माझ्या परवानगीशिवाय बाहेर पडली.

"ए कैल्याऽऽ!"

व्हरांड्यात हशा पिकला. वकील फायली घेऊन थांबले. खाली त्यानं झटकन मान वर केली. आणि आला की हो! खरंच आला, जिन्याच्या दिशेनं, पाय आपोआप उचलल्यासारखे. कडुनिंबाच्या सावलीपर्यंत आला. मग त्याच्या ध्यानात आलं असावं की हाक मारणारा मी आहे. वर बघितलं, माझा गणवेश बघितला. हात अर्धा वर केला. तो नमस्कार होता की 'नको' होतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. वळला, टेम्पोत बसला. टेम्पो गाड्यांमधून वाट काढत फाटकाबाहेर गेला.

मी वळलो तर गयाबाई माझ्या मागं, दारात. तिथून खालचं काही दिसत नाही. पण मी कैल्या म्हणालो ते त्यांनी ऐकलं होतं. समोर कुणी असल्याशिवाय माणूस असं ओरडत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"दिसला का?"

मी मान डोलावली.

"कसा हाय?"

"चांगला आहे, आजी. भरलाय अंगानं. पांढरा शर्ट होता."

"इस्त्रीचा?"

"इस्त्रीचा."

"बायको चांगली मिळाली म्हणायची," गयाबाई म्हणाल्या आणि पिशवीचे बंद पुन्हा एकदा बांधले.

आत मॅडमनी विचारलं, "आला का?"

"पुकारा झाला, मॅडम. गैरहजर."

क्लार्कनं लिहिलं. वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. अहवाल चांगला आहे, अर्जदारांची स्वखुशी आहे, वय झालं आहे, एकट्या राहतात, असं सगळं त्यांनी मांडलं आणि ते सगळं खरं होतं. मॅडमनी नेहमीप्रमाणं बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. मी आतून दाराशी उभा राहिलो.

"आजी, हा अर्ज तुम्ही कुणाच्या दबावानं केला नाही ना?"

"दबाव घालायला घरात कोण हाय, साहेब? मांजर बी नाय."

मॅडम हसल्या. मग अहवाल बाजूला ठेवून त्या हळू, समजावून बोलल्या. इतक्या हळू मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हे बघा, त्यानं आज यायला हवं होतं. मला बघायचं होतं त्याला. पण तो आलाच पाहिजे असं काही नाही. अर्ज तुमचा आहे, अहवाल चांगला आहे, परिस्थिती बदललेली मला दिसते आहे. मी आत्ता आदेश रद्द करते. उद्यापासून तो तुमच्या घरी येऊ शकतो. कोर्ट मध्ये येणार नाही. लिहू?"

स्टेनोनं बोटं कळांवर ठेवली.

गयाबाईंनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"म्हंजी मंग त्याला कोणीच अडवणार नाय?"

"कोणी नाही."

"यायचं का नाय, ते समदं त्याच्यावर?"

"हो आजी. सगळं त्याच्यावर. लिहायचं ना?"

आणि गयाबाई, पिशवी छातीशी धरून, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या:

"नको साहेब! राहू द्या ती बंदी. कोर्ट येऊ देत नाय, असं गल्लीत सांगता तरी येतं!"